टायर शाबूत, हवा गायब: वाकलेल्या अलॉयचे तेवीस दिवस

पंक्चर सापडत नाही आणि एकाच टायरची हवा रोज तीन-साडेतीन पॉइंट (पीएसआय) उतरते, असं होत असेल तर टायर सोडा आणि रिम, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते धातूचं चाक, तपासा. हे उमगायला माझे सहा दिवस गेले आणि पुढे दुरुस्तीला सतरा. जळगाव-धुळ्याकडच्या कुणाला पावसाळ्यात हेच भोगावं लागलं, तर निदान पहिले सहा दिवस वाचावेत म्हणून सगळं तारखेनिशी लिहितो आहे.

रविवार, १३ जुलै २०२५. धरणगावकडून पाळधीच्या दिशेने येत होतो, वेग साठच्या आसपास. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरच्या डांबराला खालून आधार उरत नाही. त्यामुळे खड्ड्याची कड उतरती नसते, सरळ तुटलेली असते. पाण्याने भरला की तो नुसतं डबकं वाटतो. डावं पुढचं चाक त्यात गेलं आणि गाडी खालून हाणल्यासारखा आवाज आला. थांबून पाहिलं. रिमच्या बाहेरच्या कडेला नखाएवढा ओरखडा, टायरला फुगा नाही, चीर नाही. हायसं वाटलं आणि निघालो.

चूक इथेच झाली. अलॉयच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव रिमच्या, काड्या बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला त्यांचा टेकू मिळतो. आतली कड मात्र पिंपाच्या तोंडासारखी एकटी असते. खड्ड्याचा मार बसला की बहुतेक वेळा आतली कड वाकते, आणि ती उभ्या माणसाला दिसतच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, मोबाइलचा टॉर्च लावून हात चाकाच्या आतल्या बाजूला घालायचा आणि व्हिडिओ काढायचा. मग गाडी हात-दीड हात पुढे घेऊन पुन्हा काढायचा. चार वेळा केलं की पूर्ण गोल दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे.

सोमवारी सकाळी सात वाजता हवा मोजली. दाराच्या पट्टीवर लिहिलेली हवा ३३, बाकी तीन चाकांत ३२ ते ३३, डाव्या पुढच्यात २६. पायाच्या पंपाने ३३ केली. मंगळवारी सकाळी २९.५. न भरता सोडली, बुधवारी २६.

इथे हवेच्या आकड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खान्देशात उन्हामुळे फसगत होते. तापमान साधारण पाच-साडेपाच अंशांनी घटलं की टायरमधली हवा एक पॉइंट कमी दिसते. मे महिन्यात दुपारी ४३ अंशांत, तेही हायवेवरून आल्या आल्या भरलेली हवा पहाटे मोजली तर चार-पाच पॉइंट कमी भरते. ती गळती नव्हे. म्हणून दोन नियम पाळले. मोजायची ती सकाळीच, गाडी रात्रभर उभी असताना. आणि मोजायची चारही चाकांची. चारही सारखी उतरली तर हवामान, एकच उतरली तर गळती. हवा मोजायचा छोटा डिजिटल मीटर ४५० रुपयांना मिळाला. पेट्रोल पंपावरच्या मीटरांत आपसात दोन-तीन पॉइंटचा फरक असतो, आणि रोजची तुलना करायची तर मीटर एकच हवा. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवले. पुढे प्रत्येक दुकानात ही वहीच कामाला आली.

बुधवारी, १६ तारखेला, हायवेलगतच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चाक न काढता टायरच्या नक्षीवर साबणाचं पाणी मारलं. काही निघालं नाही. व्हॉल्वच्या तोंडावर थुंकी लावली, एक बुडबुडा आला. आतली पिन बदलली, ५० रुपये. पिन खरंच थोडी सुटत होती, त्याचं चुकलं नाही. पण रोजचे साडेतीन पॉइंट त्या एका बुडबुड्यातून जाणं शक्य नव्हतं. गुरुवारी सकाळी पुन्हा मोजली, ३०.

संध्याकाळी दुसऱ्याकडे गेलो. जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला टायरची कामं करणारे बरेच आहेत, त्यांपैकी ज्याच्याकडे अख्खं चाक बुडेल अशी टाकी होती त्याला निवडलं. दुकान निवडताना तेवढंच पाहा. चाक काढलं, हवा ४० पर्यंत वाढवली आणि टाकीत आडवं बुडवलं. जास्त हवेवर बारीक गळती बोलकी होते. पहिल्या मिनिटाला टायरच्या खाचांत अडकलेली हवा निघते, तिला भुलायचं नाही. ती संपल्यावर जे चालू राहतं ते खरं. आतल्या बाजूने, टायर जिथे रिमला चिकटतो तिथे, एकाच जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती.

पाण्यात वाकून बघत तो म्हणाला, ‘भाऊ, टायरमा काही नही शे. रिम देखा.’

ट्यूबलेस टायरमधून हवा चारच वाटांनी जाते: खिळा किंवा चीर, व्हॉल्व आणि त्याच्या बुडाचं रबर, टायरचा काठ म्हणजे बीड, किंवा खुद्द रिमचं अंग. बीडवरची गळती पुन्हा दोन तऱ्हेची. अलॉय जुनं असेल तर बीड बसते तिथे अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती घासून काढली की गळती थांबते. दुसरी तऱ्हा रिम वाकल्याची, आणि तिथे घासून उपयोग नाही. त्याने टायर काढून जागा तारेच्या ब्रशने घासली, काळं बीड सीलर लावलं आणि टायर पुन्हा चढवला. २५० रुपये. शुक्रवारी ३३ ची ३१.५, शनिवारी ३०. गळती निम्म्यावर आली, थांबली नाही. शिवाय सत्तरच्या पुढे स्टिअरिंगला बारीक कंप यायला लागला होता.

आणखी एक उपाय दोघांनी सुचवला, व्हॉल्वमधून पातळ सीलंट ओतायचा. मी नको म्हटलं, आणि तुम्हीही अशा वेळी नकोच म्हणा. खिळ्याच्या छिद्राला तो चालतो. वाकलेल्या किंवा तडकलेल्या रिममध्ये मात्र तो रोग झाकतो. आत फिरत राहून चाकाचा तोल बिघडवतो, आणि पुढे टायर काढणाऱ्याला आतला चिकटा पुसत बसावा लागतो. नायट्रोजनचंही तसंच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फटीतून तोही जाणारच.

शनिवारी, १९ जुलैला, चाक काढून अलाइनमेंटच्या दुकानात नेलं. टायर उतरवून मोकळी रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवली तेव्हा डोळ्यांनी दिसलं: आतली कड एका जागी चपटी, लांबी वीतभराहून थोडी कमी, खोली साधारण चार मिलिमीटर. फिरत्या रिमजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला की कुठे घासतो आणि कुठे सुटतो ते कळतं. डायल गेज, म्हणजे काट्यावर बारीक फरक दाखवणारं मापक, असेल तर उत्तम.

नुसतीच वाकली आहे की तडकली आहे, हा पुढचा प्रश्न. सगळा निर्णय याच्यावर असतो आणि बहुतेक जण इथे अंदाजावर चालतात. फॅब्रिकेशनवाल्यांकडे यासाठी लाल रंगाचा स्प्रे असतो: आधी लाल, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून वर पांढरा, तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. आम्ही जुनी पद्धत वापरली, रॉकेल आणि खडू. रिम पेट्रोलने पुसून कोरडी केली. खडूची भुकटी पाण्यात कालवून संशयित जागी बाहेरून पातळ थर दिला आणि तो वाळू दिला. मग त्याच जागी आतून फडक्याने रॉकेल चोळलं. आता रॉकेल सहज मिळत नाही, डिझेलनेही होतं, जरा वेळ जास्त लागतो. वीस मिनिटांत खडूवर ओली काळपट रेघ उमटली. कडेपासून आत गेलेली, अंगठ्याच्या पेराएवढी. पोटात गोळा आला, कारण आदल्याच दिवशी याच चाकावर घरच्यांना घेऊन एरंडोलला जाऊन आलो होतो.

पर्याय काय काय होते ते सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक दुकान आपलाच पर्याय पुढे करतं.

रिम सरळ करून मिळते, मला १,५०० सांगितले. पद्धत मात्र विचारून घ्या. हायड्रॉलिक जॅकच्या साच्यावर हळूहळू दाबून सरळ करणं वेगळं आणि गॅसची ज्योत मारून हातोड्याने ठोकणं वेगळं. अलॉय ओतल्यानंतर ते ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या पुढच्या तापमानावर काही तास मुरवतात. ताकद त्यातून येते. उघड्या ज्योतीने ते ३०० अंशांवर गेलं की तेवढा भाग नरम पडतो. लोखंड तापलं की लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही, म्हणून किती तापलं ते कारागिरालाही दिसत नाही. आज सरळ झालेली ती जागा पुढच्या खड्ड्यात आधी वाकते. वाक दोन-तीन मिलिमीटरचा असेल, फक्त आतल्या कडेला असेल आणि तडा नसेल, तर जॅकवर सरळ करून घेणं मला पटतं.

तडा असेल तर टिग वेल्डिंग करतात, १,२०० सांगितले. वेल्डिंग सुबक होतं, हवाही थांबते. पण वेल्डच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तापून नरम झालेला असतो आणि तडा पुन्हा तिथूनच निघतो. काडीला किंवा मधल्या नटांच्या भागाला तडा असेल तर वेल्डिंगचा विचारसुद्धा नको. माझा तडा कडेला होता, तरी पुढच्या चाकाला, हायवेवरच्या गाडीला, मी तो जोडून घेतला नाही.

जुनं एक अलॉय शोधायचं तर पाच आकडे जुळले पाहिजेत: व्यास, रुंदी, नटांची संख्या आणि वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास, आणि ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला टेकतं ती बाजू रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते. व्यास, रुंदी आणि ऑफसेट रिमच्या मागच्या बाजूला कोरलेले सापडतात. ‘ईटी’ या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे ऑफसेट. माझ्या गाडीला चार नट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ आणि ५४.१ चं भोक. भोक मोठं असेल तर चाक नटांवरच लटकतं आणि तोल कितीही केला तरी थरथर जात नाही. ऑफसेट चुकला तर टायर आत किंवा बाहेर घासतो. मला दोन सापडले, एकाचा ऑफसेट जुळेना आणि दुसऱ्यावर सरळ केल्याच्या खुणा होत्या. बाजारातली नवी डिझाइनची अलॉय चाराच्या संचात देतात, एक सुटं कुणी देईना.

उरलं कंपनीचं मूळ अलॉय. शोरूमच्या पार्ट काउंटरवर करासह ८,९०० रुपये.

एवढी रक्कम म्हटल्यावर विमा आठवला. सोमवारी, २१ तारखेला, फोन केला. माहिती अशी मिळाली: दावा करायचा तर चाक काढण्याआधीच कळवायला हवं होतं, आता ते पुन्हा गाडीला लावून दाखवा, खड्ड्याच्या जागेचा आणि नुकसानाचा फोटो, दाव्याचा अर्ज, आरसी, लायसन्स, पॉलिसीची प्रत आणि वर्कशॉपचं एस्टिमेट द्या, मग सर्व्हेअर येईल. आरसी-लायसन्स हाताशी होते, खड्ड्याचा फोटो नव्हता. तरी आधी हिशेब केला. साध्या पॅकेज पॉलिसीत गाडीचं इतर नुकसान नसताना नुसत्या टायरचे पैसे मिळत नाहीत, इतर नुकसान असेल तरी टायरचे निम्मेच. रिम धातूचा भाग म्हणून धरतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा, म्हणजे ८,९०० चे ५,७८५. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट. हातात ४,७८५.

दुसऱ्या पारड्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. मेमध्ये माझा ४५ टक्के झाला होता, पुढच्या वर्षी ५० होणार. दावा केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २० पासून चढतो. गाडीच्या नुकसानीचा हप्ता ६,८०० धरला तर पहिल्या वर्षी ३,४०० चा तोटा, दुसऱ्या वर्षी २,०४०. दोन वर्षांतच ५,४४०. दावा केला नाही. झीरो डेप असेल तर घसारा लागत नाही, टायर-रिमचं वेगळं कव्हर असेल तर त्याच्या अटी पाहा. तुमचे आकडे घालून हाच हिशेब मांडा.

मंगळवारी, २२ जुलैला, ५,००० आगाऊ भरून ऑर्डर दिली. पावतीवर पार्ट नंबर लिहून घेतला आणि तो जुन्या रिमच्या मॉडेलशी ताडून पाहिला. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या अलॉयचं डिझाइन किंवा रंगाची छटा वेगळी असू शकते. सात दिवस म्हणाले, अलॉय ४ ऑगस्टला आलं.

मधले दोन आठवडे स्टेपनीवर. माझी स्टेपनी लोखंडी, १६५/८० आर १४; गाडीचे टायर १८५/६५ आर १५. यात पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. ऐकायला फार वेगळे वाटतात, म्हणून गणित केलं. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात १६५ च्या ८० टक्क्यांची दुप्पट २६४, एकूण ६१९.६. पंधरा इंच म्हणजे ३८१, अधिक २४०.५, एकूण ६२१.५. उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. रुंदी मात्र २० मिलिमीटरने कमी, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते चाक कमी पकडतं. म्हणून मागचं चांगलं अलॉय पुढे घेतलं आणि स्टेपनी मागे लावली. स्टिअरिंग, इंजिनाचा ओढा आणि ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर असतो. स्टेपनीवर ८० च्या वेगाची पट्टी होती, ती पाळली. आणि स्टेपनीची हवा? काढली तेव्हा १९ होती. तुमची आजच मोजा.

मंगळवारी, ५ ऑगस्टला, चाक बसवलं. आधी जुना टायर आतून तपासला. खड्ड्यात टायर रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटतो. आतल्या भिंतीवर काळी चुरचुरीत रेघ, दोरे दिसणं किंवा बोटाला उंचवटा लागणं, यांतलं काही असेल तर टायर गेला. बाहेरचा फुगा काही दिवसांनीही येतो, म्हणून तीन आठवड्यांनंतरची ही तपासणी जास्त भरवशाची होती. टायर स्वच्छ निघाला. नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या वर होती, १.६ ला टायर बदलावाच लागतो. भिंतीवरच्या चार अंकी आकड्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझा ११२१, म्हणजे २०२१ चा अकरावा आठवडा. ठेवला.

नव्या रिमला नवा रबरी व्हॉल्व, ६० रुपये. जुना काढून बसवू देऊ नका. बीडला साबणाची पेस्टच लावायची, इंजिनाचं ग्रीस रबर खातं. मशीनच्या लोखंडी बोटावर प्लास्टिकचं टोपण आहे ना ते पाहा, नाहीतर नव्या अलॉयवर पहिला ओरखडा दुकानातच पडतो.

बॅलन्सिंगला मशीनने बाहेर २० आणि आत ३५ ग्रॅम मागितलं. अलॉयला चिकटणारी वजनं लावतात, ठोकून बसवायची पत्र्याची नाही. जागा पुसून कोरडी केली नाही तर पहिल्याच पावसात ती पडतात. वजन लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य दाखवायला सांगा. एका बाजूला ६० ग्रॅमच्या पुढे मागणी आली तर वजनं चिकटवत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहणं बरं.

चाक चढवण्याआधी हबचा, म्हणजे चाक ज्यावर टेकतं त्या भागाचा, गंज ब्रशने काढला, कारण गंजाची खपली मध्ये राहिली तर चाक तिरकं बसतं. नट हाताने धरवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू दिले नाहीत. गन प्रमाणाबाहेर आवळते आणि रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली की घरचा पाना नट सोडवू शकत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, १०० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नव्या अलॉयचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात, माझ्या चारांपैकी दोन किंचित फिरले.

शेवटी अलाइनमेंट, ६०० रुपये. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, दुरुस्त होतो, तो बिघडणं साहजिक आहे. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या उभ्या कलामध्ये, मोठा फरक दिसला तर मात्र लोअर आर्म किंवा शॉकअप वाकला असण्याचा संशय घ्यावा आणि नुसत्या अलाइनमेंटवर समाधान मानू नये. माझ्याकडे टो सोडून काही हललं नव्हतं. तपासणी, टायर उतरवणं-चढवणं आणि बॅलन्सिंग मिळून ४५० झाले. मीटर धरून सगळा खर्च १०,७६० रुपये.

जुनी रिम भंगारात दिली, सात किलोच्या वर भरली, हजाराला गेली. देण्याआधी ग्राइंडरने तिची कड आरपार कापून घेतली. तडा बुजवून, रंग मारून ती पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागायला नको होती.

वहीतले पुढचे आकडे, डावं पुढचं चाक, सकाळी सात: ६ ऑगस्ट ३३, १३ ऑगस्ट ३३, २० ऑगस्ट ३२.५.